दुर्बीण राहू द्या, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा

डिसेंबर आला की मला ओळखीतल्या दोघातिघांचे फोन ठरलेले असतात, पोराला आकाशाचं वेड लागलंय, कुठली दुर्बीण घेऊ सांग. माझं उत्तरही ठरलेलं, की काहीच घेऊ नका, निदान वर्षभर तरी नको. कारण ती चूक मी करून बसलोय. ऑनलाईन एक टेलिस्कोप मागवला होता, खोक्यावर शनीचा झकास रंगीत फोटो, कितीशे पट मोठं दिसतं वगैरे छापलेलं, आणि आतला स्टँड असा की शेजारी कुणी शिंकलं तरी चंद्र थरथरायचा. चंद्र निदान सापडायचा तरी, बाकी तीन रात्री काहीच सापडलं नाही. दोष सगळा टेलिस्कोपचा नव्हता, मला वर कुठे काय आहे तेच माहीत नव्हतं, आणि नळकांडीला डोळा लावून बसल्यावर ते कळणार तरी कसं. आता तो माळ्यावर आहे, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्याखाली.

तर सुरुवातीला लागतं काय, तर स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर, एक चटई, चादर, आणि डोळे. बाकीचं नंतर बघू.

पहिलं काम: रात्र निवडा

नवीन लोक हमखास पौर्णिमेला गच्चीवर जातात, छान चांदणं पडलंय म्हणून. चंद्र एवढा लख्ख असतो की बारीक तारे सगळे त्यात बुडून जातात, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपासचे दिवस तारे बघायला बेकार. आणि चंद्रच बघायचा असेल तरीही पौर्णिमा बेकारच, कारण ऊन समोरून पडल्यामुळे त्याच्यावरची विवरं सपाट दिसतात, शुक्ल अष्टमीच्या आसपास बघा, अंधार-उजेडाच्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि साध्या बायनॉक्युलरमधूनही खड्डे कळतात. कोजागिरीला दूध प्यायचं, तारे मोजायचे नाहीत.

सोपा हिशोब असा की संकष्टीला चंद्रोदय साधारण रात्री नऊच्या आसपास असतो, ज्यांच्या घरी उपास असतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे रोज तो सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर दोन-तीन दिवसांपासून ते अमावस्या ओलांडून शुक्ल चतुर्थी-पंचमीपर्यंत तुम्हाला निवांत दोन-तीन तास तरी काळोख मिळतो, सगळ्यात भारी अर्थातच अमावस्येच्या अलीकडचा पलीकडचा शनिवार. अमावस्येला बाहेर पडू नको म्हणणारं घरात कुणी असेल तर त्यांनाच बरोबर घेऊन जा.

दुसरं: जागा, आणि डोळ्यांना वेळ

शहरातल्या गच्चीवरून सुरुवात करायला काहीच हरकत नाही, उलट मी तर म्हणेन तिथूनच करा, कारण तिथे फक्त ठळक तारे दिसतात आणि ओळख पटकन होते. पहिल्यांदाच एखाद्या गडावर अमावस्येला गेलात तर तारे इतके दिसतात की ओळखीचा एकही सापडत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा, रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात येता कामा नये.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ही गोष्ट कुणी पाळत नाही, पाच मिनिटं वर बघायचं, व्हॉट्सअॅप उघडायचं, परत वर बघायचं, आणि म्हणायचं काही दिसत नाही ब्वा. मोबाईलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की घड्याळ परत शून्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन गुंडाळा किंवा लाल फुगा कापून रबरबँडने लावा, लाल उजेडाने डोळे तेवढे बिघडत नाहीत.

गावाकडे जाणार असाल तर पायात बूट, आणि चालताना टॉर्च चालूच ठेवा, लाल-बिल काही नाही, साप बघायला पांढराच उजेड लागतो. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, तिथे उसाच्या कडेला रात्री एकट्याने चटई टाकून पडायचं नाही हे लहान पोरालाही माहीत असतं, बिबट्या हा तिथे गोष्टीतला प्राणी नाही. मंदिराचा ओटा, शाळेची गच्ची, ओळखीच्यांचं खळं, असलं काहीतरी बघा, आणि गावात आधी कुणाला तरी सांगून ठेवा, नाहीतर रात्री एकला अनोळखी गाडी बघून लोक जमतात ते वेगळंच.

आकाशात अंतर मोजायला हातच वापरायचा. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, अंगठा ते करंगळी ताणलेली वीत म्हणजे २० अंश, करंगळीची जाडी १ अंश. चंद्र फक्त अर्धा अंश असतो, म्हणजे करंगळीमागे अख्खा झाकला जातो, पटत नसेल तर आज करून बघा, मला पहिल्यांदा खोटं वाटलं होतं.

तिसरं: एकाशीच ओळख करा, आणि तो मृग असू द्या

सत्तावीस नक्षत्रं, बारा राशी, सगळं एका रात्रीत करायला जाऊ नका. डिसेंबर ते मार्च, रात्री नऊला बाहेर या आणि एका रेषेत सारख्या अंतरावर असलेले तीन तारे शोधा. डिसेंबरमध्ये ते पूर्वेला जवळजवळ उभे एकावर एक दिसतील, जानेवारीअखेरीला डोक्यापासून थोडे दक्षिणेला असतील. हा मृगाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्याभोवती चार ठळक तारे चौकोनात, ते हरणाचे चार पाय, आणि एका बाजूला तीन बारीक ताऱ्यांचा पुंजका ते डोकं, मृगशीर्ष. चार पायांतला एक स्पष्ट तांबूस आहे, तो काक्षी, आणि त्याच्या तिरक्या समोरचा निळसर पांढरा तो राजन्य. दोघांकडे आलटून पालटून बघा, ताऱ्यांना रंग असतात हे पहिल्यांदा इथेच कळतं.

आमची आजी बाणाच्या या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायची. रात्रीच्या लाईटवर दारं धरायला, म्हणजे शेताला पाणी द्यायला, गेलेली माणसं तिकांडं कुठे आलंय त्यावरून किती वाजले सांगायची, घड्याळ असलं तरी चिखलाच्या हाताने कोण बघणार. सप्तर्षी तिच्या हिशोबी बाज होती, चार खुरांची बाज आणि ती ओढून नेणारे तीन चोर. सप्तर्षी हे नाव मी शाळेत शिकलो, बाज आधी शिकलो होतो.

आता बाणाची रेषा दोन्हीकडे वाढवा. एका टोकाने पुढे गेलात, साधारण एक वीतभर, की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा लागतो तो व्याध, बाण मारणारा शिकारी. क्षितिजाजवळ असताना हा लाल-हिरवा-निळा असा लुकलुकतो आणि दरवर्षी कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून उडती तबकडी म्हणून फिरवतंच. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात, पोरगं तिसरीत असेल तर ते जन्मलं त्या सुमाराला तिथून निघालेला उजेड त्याला आज दिसतोय, पोरांना हे सांगितलं की ती बराच वेळ गप्प होतात. उलट्या टोकाने गेलात की रोहिणी, ही पण तांबूस, आणि तसंच पुढे गेलात की कृत्तिकांचा छोटा पुंजका. कृत्तिकांमधले किती तारे मोजता येतात बघा, सहा दिसले तर आकाश ठीक, सात-आठ दिसले तर डोळे आणि जागा दोन्ही उत्तम.

बाणाच्या खाली बारीक ताऱ्यांची एक ओळ लोंबते, तिच्यातला मधला तारा जरा धुरकट वाटतो. तो तारा नाहीच, तो तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धुळीचा ढग, तिथे नवीन तारे तयार होतायत. बायनॉक्युलर असेल तर पहिली इथे रोखा.

याच दिवसांत उल्कावर्षाव येतो मिथुनेचा, १३-१४ डिसेंबरच्या रात्री, आणि माझ्या मते आपल्याकडून बघायला वर्षातला हा सगळ्यात चांगला, कारण ऑगस्टमध्ये ययाती तारकासमूहाचा जो मोठा वर्षाव असतो तो आपल्याकडे दरवर्षी ढगात जातो. आदर्श काळोखात तासाला शंभरावर उल्का म्हणतात, आपल्याला त्याच्या निम्म्या दिसल्या तरी पैसे वसूल. या उल्का पुनर्वसूच्या दोन जुळ्या ताऱ्यांकडून आल्यासारख्या वाटतात, पण तिकडेच टक लावून बसायचं नाही, पाठीवर झोपायचं आणि जमेल तेवढं जास्त आकाश नजरेत घ्यायचं. दहानंतर सुरू करा, मध्यरात्रीनंतर जास्त दिसतात. यात दुर्बिणीचा काडीचा उपयोग नाही. कानटोपी मात्र घ्या, डिसेंबरात पाठ जमिनीला लावून झोपल्यावर जी थंडी वाजते ती उभं राहून वाजत नाही.

चौथं: उत्तर शोधा

ध्रुव तारा सगळ्यात तेजस्वी असतो हा गैरसमज कुणी पसरवला माहीत नाही. तो मध्यमसा तारा आहे आणि आपल्याकडून चक्क खाली दिसतो. तुमच्या गावाचे अक्षांश जेवढे तेवढाच तो उत्तर क्षितिजाच्या वर, म्हणजे पुण्यातून साडेअठरा अंश, दोन मुठींपेक्षा थोडा कमीच. फेब्रुवारी ते जून सप्तर्षींवरून शोधा, बाजेच्या चोरांच्या विरुद्ध बाजूचे दोन खूर म्हणजे पुलह आणि क्रतू, त्यांच्यातलं अंतर क्रतूच्या पुढे पाचपट न्या. तीन चोरांतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला चिकटून बारीक अरुंधती, लग्नात भटजी दाखवायला लावतात तीच, बहुतेक लग्नांत छताकडेच बोट दाखवलं जातं. ऑक्टोबर ते जानेवारी संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा इंग्रजी एमसारखा दिसणारा शर्मिष्ठा तारकासमूह उत्तरेला असतो, ध्रुव त्याच्या खालच्या अंगाला.

एक गंमत पुणेकरांसाठी. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमाराला मोकळ्या माळावर उभे राहा, उत्तरेला ध्रुव बघा, मग पाठ फिरवून दक्षिणेला बघा, व्याधाच्या बराच खाली एक ठळक एकटा तारा दिसेल तो अगस्ती, व्याधाखालोखाल तेजस्वी. दोघं आपापल्या क्षितिजापासून जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात, मूठ लावून मोजा. दिल्लीकरांना अगस्ती क्षितिजापासून मूठभरही वर येत नाही, आपण नशीबवान.

पाचवं: चार मिनिटांचा नियम, आणि महिन्यांची नावं

प्रत्येक तारा रोज ४ मिनिटं लवकर उगवतो, महिन्याला २ तास. एवढं डोक्यात बसलं की अॅपची गरज निम्मी होते. आज दहाला जे डोक्यावर आहे ते महिन्याने आठलाच तिथे असणार.

आणि आपल्या महिन्यांची नावं आकाशातूनच आलीयत, पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या आसपास असतो ते महिन्याचं नाव. हनुमान जयंतीला चंद्राजवळ चित्रा शोधा. त्रिपुरी पौर्णिमेला कृत्तिका, दत्तजयंतीला मृग, माघी पौर्णिमेला मघा. कधी एखादं घर पुढेमागे होतं पण नक्षत्रं ओळखायचा हा फुकटचा क्लास आहे, कारण चंद्र स्वतःच बोट दाखवतो.

यावरूनच तो नेहमीचा घोळ सुटतो. ७-८ जूनला मृग लागला म्हणतात, पोरं विचारतात मग दिसत का नाही. अहो तेव्हा सूर्यच मृगात असतो, दोघं बरोबर उगवतात आणि बरोबर मावळतात, दिवसाढवळ्या मृग डोक्यावरून जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. रात्रभर दिसतो तो बरोबर सहा महिन्यांनी, डिसेंबरात. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक का म्हैस त्यावर पाऊस ठरवणं हा वेगळा विषय, त्यात मी पडत नाही.

उन्हाळा: गच्चीवर झोपायचे दिवस

मेमध्ये मृग पश्चिमेला बुडाला की पूर्वेकडून वृश्चिक वर येतो, खरोखर नांगी उगारलेल्या विंचवासारखा दिसणारा, मध्ये लालभडक ज्येष्ठा. मेच्या मध्यावर साडेनऊला दक्षिण मोकळी असेल तर क्षितिजाच्या मूठ-दीड मूठ वर छोट्या पतंगासारखे चार तारे बघा, तो त्रिशंकू. त्याच्या डावीकडचे दोन ठळक तारे मित्रक आणि मित्र. मित्र हा आपल्या सूर्याचा शेजारी, ४.३ प्रकाशवर्षांवर. मध्यरात्रीनंतर वृश्चिकाच्या शेपटीपासून धुरकट पट्टा उभा राहतो ती आकाशगंगा, फोटोत दिसते तशी रंगीबेरंगी नसते, आधीच सांगतो, डोळ्याला ती करड्या ढगासारखीच दिसते आणि पहिल्यांदा बघणारे तिला ढगच समजतात. विदर्भातल्यांनी पेंचला जावं, जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला.

दिवसा करायचं काम पण आहे. शून्य सावली. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. पुण्यात साधारण साडेबाराला स्टीलचा ग्लास गच्चीत उपडा ठेवा आणि सावली त्याच्या बुडाखाली गायब होताना बघा. दिल्लीला हे कधीच होत नाही. सूर्याकडे मात्र दुर्बीण किंवा बायनॉक्युलर कधीही, एक सेकंदही रोखायची नाही, डोळा कायमचा जातो.

मग वळीव पडला की काजवे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची. हिरड्या-जांभळाच्या झाडावर हजारो काजवे एकदम पेटतात, एकदम विझतात, म्हणजे अख्खं झाड श्वास घेतंय असं वाटतं. ही नरांची माद्यांना दिलेली हाक असते, आणि म्हणूनच गाडीचे हेडलाईट, फ्लॅश, मोबाईल टॉर्च यांनी त्यांची भेटच चुकते. वीकेंडला तिथे जी गर्दी होते ती बघून मला तर वाटतं जाऊच नये, जायचंच असेल तर मंगळवार-बुधवार बघा, गावातल्याच कुणाला तरी वाटाड्या घ्या, गाडी लांब लावा आणि झाडाखाली जाऊ नका, गवतात माद्या बसलेल्या असतात, पायाखाली येतात.

पावसाळा: आता खाली बघा

जून ते सप्टेंबर आकाशाला सुट्टी. पहिल्या पावसानंतर अंगणात, शेताच्या बांधावर लाल मखमलीचा ठिपका चालताना दिसतो तो मृगाचा किडा, हातावर घेतला की पाय पोटाशी घेऊन गप्प होतो, आठ पाय मोजा, म्हणजे खरं तर तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोतातला. काही दिवसच दिसतो, परत पुढच्या वर्षी.

ऑगस्टअखेरपासून कास, साताऱ्यापासून साधारण २५ किमी. तिथे ८५० पेक्षा जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्यात. २०१२ पासून हे जागतिक वारसा यादीत आहे. रोजची माणसं ठरलेली असतात, ऑनलाईन बुकिंग करूनच जा. नुसते गालिचे बघून फोटो काढून येऊ नका, गुडघ्यावर बसा आणि सीतेची आसवं शोधा, नखाएवढं निळं-जांभळं फूल, दिसायला गरीब, पण मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यात ते किडे पकडून खातं. कारवीचं वेगळंच, ती सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्याला एकदाच फुलून मरते, मुंबईत संजय गांधी उद्यानात २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, आता २०३२.

ऑक्टोबरला आकाश धुऊन निघालेलं असतं आणि नोव्हेंबरात रात्री नऊला शर्मिष्ठा उत्तरेला वर असते. एमच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार ते बाणासारखं धरा, त्याच्या पुढे दीड मूठ अंतरावर एक फिकट पुसट डाग आहे. थेट बघितलं तर गायब होतो, नजर थोडी बाजूला ठेवली की परत येतो, डोळ्याच्या कडेला अंधारात जास्त दिसतं म्हणून. ती देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू हीच. शहरातून मिळणार नाही, उगाच मान दुखवून घेऊ नका.

आणि आता साहित्य

एवढं वर्ष पार पडलं तर १० बाय ५० ची बायनॉक्युलर घ्या, दहापट मोठं आणि ५० मिमीचं भिंग. भिंतीला टेकून किंवा आरामखुर्चीत पडून कोपर टेकवून धरा, हातात नुसती धरली तर तारे नाचतात. गुरूचे चार चंद्र दिसतील, रोज जागा बदलताना. शनीची कडी मात्र यात नाही दिसत, त्याला टेलिस्कोपच, आणि तो विकत घेण्याआधी दुसऱ्याच्या टेलिस्कोपमधून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम असतात, तिथे चार प्रकारचे टेलिस्कोप एका रांगेत मांडलेले मिळतात आणि ज्याचा असतो तो त्याच्या तक्रारीही खरं खरं सांगतो. अॅप हवं तर स्टेलॅरियम टाका, पण नाईट मोडवर, आणि आधी डोळ्याने ओळखायचं मग अॅपमध्ये तपासायचं, उलटं नाही.

एक वही ठेवा, तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, काय सापडलं नाही. माझ्या वहीत पहिल्या वर्षी देवयानीसमोर पाच वेळा ‘नाही’ लिहिलंय आणि सहाव्यांदा ‘बहुतेक’.